बाबांच्या नावच्या पाकिटातलं जेवण

ता. ११, मंगळवार

ती. ताईस, धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सकाळी दुकानात मिळालं. घशाच्या ऑपरेशननंतर बाबांना आता तोंडाने खाणं कधीच जमणार नाही, पोटातली नळी कायमची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याचं वाचलं. त्यानंतर मी दोन गिऱ्हाइकांच्या चष्म्यांच्या काड्या उलट्या बसवल्या. मालकीणबाईंनी माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि तासभर बाहेर जाऊन ये म्हणाल्या.

आता जे सांगते ते बाबांना कळता कामा नये. मी डबा दुकानात तसाच ठेवून जेवायला गेले. मागच्या गल्लीत एक फ्रेंच बिस्ट्रो आहे, म्हणजे वाइनच्या बाटल्यांच्या फळ्यांखाली सात टेबलं मांडलेलं साधंसं ठिकाण. दुपारी तिथे एकच ठरलेलं जेवण असतं. सूप, एक मोठा पदार्थ, गोड आणि पेलाभर वाइन, आणि सगळं मिळून कोपऱ्यावरच्या सँडविच-कॉफीपेक्षा जरासंच महाग. नुसतं सूप घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि रडून मोकळं व्हायचं, एवढाच माझा बेत होता.

सूप कांद्याचं होतं, वर चीज वितळून कडेला करपलेलं. ताई, मी रडायचीच विसरले. ते करपलेलं चीज चमच्याने खरवडून खाल्लं. मग मोहरीच्या सॉसमधली कोंबडीची तंगडी आणि सोबत लोण्यात परतलेले बटाटे. ब्रेडने ताटली इतकी पुसली की वेटर मला म्हणाला, आज भांडी घासणाऱ्याला तुम्ही सुट्टीच दिलीत. मी तोंडात घास असताना खळखळून हसले. शेवटी सफरचंदाचा टार्ट खाल्ला आणि गडद लाल वाइन थेंबही न ठेवता संपवली. एवढा वेळ तुझं पत्र मांडीवरच्या पर्समध्ये होतं.

बाहेर रस्त्यावर आले आणि तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. ज्या माणसाने दिवसभर शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि संध्याकाळी आपल्या दोघींच्या ताटात स्वतःच्या ताटातलं वाढलं, तो आता नळीतून पांढरं पातळ काहीतरी घेतोय. आणि त्याची मुलगी, ही बातमी कळून दोन तास झाले नाहीत तर, बोटं चाटतेय! मला माझीच लाज वाटते गं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

बाबांना नमस्कार सांग, बाकी काही सांगू नकोस. रागवलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. १५, शनिवार

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद. द्यायची इच्छा नाही, पण रीत म्हणून देते.

अगं शहाणे, गुपितं माझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहायची असं आपलं ठरलंय ना? तू घरचा पत्ता घातलास आणि वर बाबांचं नाव. घरी येणारं प्रत्येक पत्र आपल्याच नावाने यावं हा त्यांचा जुना हट्ट, आणि तुझा हात त्याच वळणाचा. मी वर्गावर होते. इकडे बाबांनी पाकीट फोडलं आणि सगळं वाचलं.

घरी आले तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. बोलता येत नाही म्हणून लिहायला दिलेली पाटी पलंगाखाली ढकललेली. दोन दिवस एक अक्षर लिहिलं नाही त्यांनी. पत्र उशीखाली ठेवलंय. मी काढायला गेले तर माझा हात बाजूला केला.

तुझी चांगली खरडपट्टी काढायला बसले होते. पण माझंही ऐक. ऑपरेशननंतर घरी आणलं त्या पहिल्या आठवड्यात मी ताट घेऊन बाबांशेजारी बसले, तेव्हा त्यांनी मान फिरवली. तेव्हापासून तुझे भावोजी आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून, भांड्यांचा आवाज होऊ न देता चोरासारखे गिळतो. वास जाईल म्हणून कांदा परतत नाही. परवा शाळेच्या कँटीनमध्ये मी दोन माणसांचं जेवण एकटीने संपवलं, आणि घरी येऊन भूक नाही म्हणाले. तेव्हा तुला बोलायला मला तोंड नाही.

आता तूच त्यांना काहीतरी लिही. मला सुचत नाहीये. रागावले असले तरी मी तुझीच आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई


ता. १७, सोमवार

चि. धाकटीस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं नाव होतं म्हणून वाचलं. त्यात माझा गुन्हा नाही.

खोटं कशाला लिहू, पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला. तुझा हेवा वाटला. मग पोटच्या पोरीच्या घासाचा हेवा वाटला याची लाज वाटली, म्हणून भिंतीकडे तोंड केलं. ताईला वाटलं मी तुझ्यावर रुसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळी लावून ताई गेल्यावर पुन्हा वाचलं. करपलेल्या चीजपाशी थांबलो. परत सूपपासून सुरुवात केली. असं पाच-सहा वेळा झालं असेल. तुझं वर्णन बरं आहे, पण टार्ट एका ओळीत उरकलास. सफरचंद आंबट होतं का? खालचं पीठ खुसखुशीत होतं की भिजलेलं? आणि वाइन गडद लाल होती हे काय सांगतेस, रंगाऱ्याला रंग कळतो. चव कशी होती ते लिही. आणि स्वतःला शिक्षा म्हणून गार डबा खात बसली असशील, तर ते आधी बंद कर.

बेटा, तीन महिने या घरात माझ्यासमोर खाण्याचं नाव कुणी काढत नाही. भेटायला येणारे हवेबद्दल बोलतात आणि निघून जातात. जेवणाची वेळ झाली की दार लागतं, आणि मी त्या दाराकडे बघत पडून राहतो. मला घशाने जेवढं छळलं नाही, तेवढं त्या दाराने छळलं. पण ते दार मीच लावायला लावलं. मी मान फिरवली तेव्हा ताई भरलं ताट घेऊन उठून गेली होती. माझं चुकलं, हे दोन शब्द पाटीवर लिहायला मला तीन महिने लागले.

ते आज लिहिले. खाली लिहिलं, ताटं इकडे आणा.

जावईबापू स्टुलावर अवघडून बसले. ताई खाली मान घालून, डोळे पुसत जेवत होती. कसं झालंय, असं मी पाटीवर विचारलं. छान झालंय, म्हणाली. मी पाटी पुसली नाही, तशीच तिच्यासमोर धरून ठेवली. तेव्हा पोरीने कबूल केलं की मीठ जास्त पडलंय, आणि जावईबापू म्हणाले की महिनाभर रोजच पडतंय, पण दाराआड कुणी बोलायचं?

तुम्हा दोघींचा लोभ आहेच. आता जेवताना मला वगळू नका.

तुझे,
बाबा