कूलरजवळची खाट

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

कालपासून सलग ड्यूटी, पाठ टेकलेली नाही. दुपारी बारा नंबरच्या खाटेपाशी इन्सुलिन भरून उभी राहिले, दंडाला स्पिरिटही लावलं. तेवढ्यात खाटेवरच्या अक्का म्हणाल्या, "माले कसानी सुई देस बाई? साखर ते इंदूबाईले शे. ती तठे कूलरजोडे झोपेल शे."

उकाड्यामुळे दोघींनी खाटा बदलल्या होत्या. उन्हाळ्यात वॉर्डात सगळेच बदलतात, मला माहीत आहे. म्हणून तर सुईआधी नाव विचारायचं असतं. आज मी नुसता नंबर पाहिला. चेहरा पाहिलाच नाही. की पाहिला आणि कळलं नाही? तेवढं इन्सुलिन गेलं असतं तर?

ड्यूट्या लावणाऱ्या सरांना म्हटलं, रात्रपाळीनंतर सुट्टीचा नियम आहे ना? ते म्हणाले, "आहे गं, पण तुझ्या जागी उभं कुणाला करू?"

अक्कांनी कुणाला काही सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाल्या, "जराशी झोप वं माय."

झोप येत नाहीये. डोळे मिटले की कूलरची घरघर ऐकू येते. सकाळी परत तोच वॉर्ड. बारा नंबरवर उद्या कुणी ग्लानीत असेल, तर मला कोण अडवणार?