म्हातारीच्या टेकडीची चतुःसीमा

मी, फार्कर मॅक्लेनन, वय एक्क्याऐंशी, धंदा मेंढ्या, राहणार इनव्हरलार्ग, स्कॉटलंड, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची व्यवस्था अशी व्हावी:

१. घर आणि मेंढ्या भाचा टॉर्किल यास. "मामा, विकून टाका," असं तो दर नाताळात सांगतो. आता त्याने स्वतः विकून दाखवावं.

२. लोकर कातरायची कात्री शेजारी डॉनल्ड यास. कित्येक वर्षं ती त्याच्याकडेच आहे. आता निदान हक्काने वापरेल. कुत्रीही त्यालाच, ती त्याला वळण लावेल.

३. चर्चलगतचं शेत, गाड्या लावण्यासाठी, चर्चला. चतुःसीमा: पूर्वेस ओढा, दक्षिणेस चर्च, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस 'म्हातारीचं ढुंगण' ही टेकडी.

याबाबत खुलासा करणं भाग आहे. सरकारी नकाशात हिचं नाव 'म्हातारीची बैठक' आहे. पणजोबांच्या काळी मोजणीवाले साहेब आले. पणजीने त्यांना चहा दिला, आणि पाहुण्यापुढे असलं कसं बोलायचं म्हणून पणजोबांनी 'बैठक' सांगून टाकलं. सगळ्या गावाने माना डोलावल्या. आमच्याकडे खोटं बोलणं पाप, पण पाहुण्याला अवघडवणं महापाप. नाव पक्कं व्हायला तीन प्रतिष्ठितांच्या सह्या लागत. त्याही लगेच मिळाल्या.

लहानपणी मी धुक्यात त्या टेकडीवर अडकलो होतो. आई खालून ओरडली, "अरे, फटीतून ये, फटीतून!" आणि मी सुखरूप उतरलो. बैठकीला फट नसते. हे नाव गेलं तर आईची ती हाकही जाईल, आणि ते मला सहन होणार नाही.

आता चर्चसमोर टेकड्यांच्या नावांचा फलक लागायचा आहे. समितीच्या अध्यक्ष एफी मॅकफेल म्हणतात, "फार्कर, लाज सोडलीस का? पोरं वाचतील!"

"वाचू देत. माझ्यामागे हे नाव घेणारी तू एकटीच उरशील."

"मी? मी कधी घेतलं?"

"मेंढ्या हाकताना. पार ओढ्यापलीकडे ऐकू येतं."



तरी चर्चला शेत हवं असेल, तर ते वरील चतुःसीमेसकटच घ्यावं. आणि या कागदावर माझ्यासह तिघांच्या सह्या होतील. मी प्रतिष्ठित की नाही, हे गावाने ठरवावं.

इनव्हरलार्ग, दि. ९ मे

सही: फार्कर मॅक्लेनन

साक्षीदार:

१. डॉ. ऑलिफंट. लिहून देणार शुद्धीवर आहेत. टेकडी खिडकीतून तपासली. नाव बरोबर आहे.

२. एफी मॅकफेल. चतुःसीमेसह वाचून सही केली. फलकावर हेच नाव लागेल. तू मरेपर्यंत कोण थांबतंय, फार्कर! सोमवारी रंगाचा डबा घेऊन येते. शिडी तू धर.