माझा ढावलो तू गायलास

प्रिय याडी,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला आपल्या बोलीत लिहिता येत नाही. शाळेत शिकले ती मराठीच हाताला येते. मग हे पत्र कुणासाठी, असं अशोकनं विचारलं. मी म्हटलं, याडीसाठी, आईसाठी. नवरा असला तरी समजूतदार आहे तो. चहाचा कप पुढ्यात ठेवून गुपचूप बाहेर गेला.

तू जाऊन दोन वर्षं झाली. मग आत्ताच का लिहितेय? कारण गेल्या शनिवारी तांड्यावर केसलीमावशीनं सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगितली. माझ्या लग्नातली. अकरा वर्षं तिनं ती पोटात ठेवली होती. आणि तू तर बरोबरच घेऊन गेलीस! मला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही तुला?

नीट पहिल्यापासून सांगते.

धाराशिवच्या काही तरुण पोरापोरींनी तीन दिवसांची गाण्यांची यात्रा काढली होती. एक एसटी ठरवली, गाणी ऐकायची हौस असलेली पन्नासेक माणसं तिच्यात बसवली, आणि ज्यांची गाणी त्यांच्याच दारात जाऊन ऐकायची. पहिल्या दिवशी तेरला देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी बायका, दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याजवळचा आपला तांडा, तिसऱ्या दिवशी वाशीजवळची पारधी वस्ती. लोक तिला 'गाण्याची गाडी' म्हणायला लागले.

त्यांच्यातली रेश्मा नावाची मुलगी महिन्यापूर्वी माझ्या वाशीच्या शाळेत आली. मी वर्गावर होते. दारातूनच म्हणाली, "मॅडम, तुम्ही सोनाबाईंची मुलगी ना? ढावलो कोण गातं म्हणून चार तांडे फिरले. सगळीकडे तुमच्या आईचंच नाव निघतंय."

चार तांड्यांवर तुझं नाव, याडी! मला इतकं बरं वाटलं आणि लगेच इतकं वाईट वाटलं, की फळ्यावरचं गणित अर्धंच राहिलं.

तिला काय सांगणार? की आई गेली, आणि आईचा आवाज माझ्याकडे पाच सेकंदांचासुद्धा नाही? एकदा लातूरहून एक सर टेप घेऊन आले होते, आठवतं? तू त्यांना भाकरी वाढलीस, ताक दिलंस, आणि गाण्याचं नाव काढल्यावर म्हणालीस, "आज कुणाची पोरगी सासरी चाललीय का? न्हाय ना? मग म्या कशापायी रडू?" सर हसून निघून गेले. तेव्हा मलाही गंमत वाटली होती. आता राग येतो. थोडं गायली असतीस तर काय बिघडलं असतं गं?

रेश्माला मी केसलीमावशीकडे घेऊन गेले. तुझी जोडीदारीण. तुम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून गायला लागलात की जेवणाच्या पंगती थांबायच्या. मावशी आता वाकलीय, पण अजून जुना घागरा-चोळीचा, फेटिया-कांचळीचाच वेश घालते, हातात कोपरापर्यंत बांगड्या. ती अगदी तुझ्यासारखंच बोलली. "होळीची लेंगी म्हणू. थाळी वाजवू. नाचू बी. पण ढावलो न्हाय. त्यो खेळ न्हाय."

रेश्मानं हट्ट केला नाही. ती मला आवडली ती तिथंच.

शनिवारी दुपारी गाडी तांड्यावर आली. मी शाळेतून रजा काढून पहिल्या दिवसापासूनच त्या गाडीत होते. देवळासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. बायका गोल धरून नाचल्या, नगाऱ्यानं अंगण दणाणलं, पाहुणेसुद्धा दोन फेऱ्या नाचून घामाघूम झाले. मग सगळे पाणी पीत बसल्यावर रेश्मा म्हणाली, "मॅडम, ढावलो ऐकता नाही आला, तरी तो काय असतो ते तुम्ही सांगाल?"

मी उभी राहिले आणि वर्गातल्या बाईंच्या आवाजात सुरू झाले. ढावलो म्हणजे बंजारा नवरीनं माहेर सोडताना गायचं गाणं. ती आईच्या, काकीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकते आणि रडत रडत गाते. शब्द ठरलेले नसतात. जे सोडून चालली, ते तिनं गायचं. अगदी धडा शिकवावा तसं सांगितलं मी.

पुढं बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "तुम्ही काय गायलात, तुमच्या लग्नात?"

याडी, किती साधा प्रश्न!

लग्नाच्या आठ दिवस आधी मी तुला काय म्हणाले होते, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. "याडी, लोहाऱ्याचा हॉल घेतलाय. माझ्या डीएडच्या मैत्रिणी येणार, शाळेतल्या बाई येणार. तिथं गळा काढून रडायचं नाही. लोक हसतील." तू ज्वारी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बरं."

आणि हॉलच्या दारात मी तुझ्या गळ्यात हात टाकले, "येते" म्हटलं, तरी तुझे हात सुटेनात. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, आईला पोरीला सोडवेना. आता कळतंय, तू वाट बघत होतीस. एखादी तरी ओळ निघेल म्हणून. मी तुझे हात माझ्या हातानं सोडवले.

त्या मुलीला मी एवढंच म्हणाले, "नाही गायले."

तेवढ्यात मागून केसलीमावशी गुडघ्यावर हात टेकत उठली. "हिच्या लग्नात ढावलो झाला," म्हणाली. "हिला ठाव न्हाय."

मी वळले.

"हिची जीप गेली," मावशी सांगायला लागली. "तशी सोनी मला हाताला धरून हॉलच्या मागं घेऊन गेली. तिथं पातेली घासायची चालली हुती. माझ्या गळ्यात पडली आन् म्हणली, केसली, पोरगी बिन ढावल्याची गेली, असं न्हाय व्हायाचं. तू याडी हो. म्या पोरगी व्हईन. आन् गायली की! पोरीच्या तोंडचं समदं गायली. माझी शेळी कोण सोडंल, याडी. माझी पुस्तकं भिजू देऊ नको, याडी. म्या शिकले म्हणून परकी झाले का गं, याडी. मला म्हणावं लागलं, न्हाय गं बाई, न्हाय. पातेली घासणाऱ्या बाया बी हात पुसून रडाया लागल्या."

याडी! 'मी शिकले म्हणून परकी झाले का,' हे तू माझ्या वतीनं विचारलंस? आणि उत्तर केसलीमावशीकडून घेतलंस?

मला कुणी बोलावलं नाही, ढकललं नाही. मी सतरंजीवरून चालत गेले आणि मावशीच्या गळ्यात हात टाकले. तिच्या अंगाला तंबाखूचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. मी कानात म्हणाले, "मावशी, मला शब्द येत नाहीत."

"कुणालाच येत न्हाईत," ती म्हणाली. "दिसंल त्ये म्हण." मग रेश्माच्या हातातल्या रेकॉर्डरकडं बघून, "पोरी, त्ये मशीन बंद कर." रेश्मानं केलं.

मग मी गायले. गायले म्हणजे काय, सूर नव्हताच. आवाज चिरकला, बोली तुटकतुटक आली, मधेच मराठी शब्द घुसले. मी तुझी जात्यावरची फाटकी साडी गायले, दवाखान्यातले तुझे शेवटचे आठ दिवस गायले, तुझे सोडवलेले हात गायले. मावशी मधेमधे 'न्हाय गं बाई' म्हणत राहिली. किती वेळ, माहीत नाही. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या कॉलेजच्या मुलीनं पाण्याचा तांब्या आणून दिला, बस्स.

तुझ्या मरणाला मी रडले नव्हते, याडी. सगळं उरकण्यातच गेलं. त्या दुपारी रडले, आणि हलकी झाले.

दुसऱ्या दिवशी वाशीजवळच्या पारधी वस्तीत गाडी गेली, तिथं अजून एक चपराक बसली. माझ्या वर्गातल्या कविताची आई गायली. कविता तिसरीत आहे, वर्गात तोंड उघडत नाही, मी तिला 'लाजरी' म्हणते. ती आईला चिकटून बसली होती आणि खणखणीत आवाजात ओळीमागून ओळ उचलत होती! तीन वर्षांत मी त्या बाईला कविताच्या गैरहजेरीबद्दल बोलले, केसांबद्दल बोलले. तुम्ही गाता का, हे कधी विचारलं नाही. माझ्या बाईंनी तरी तुला कुठं विचारलं होतं? सोमवारी कविताच्या आईला वर्गात गायला बोलावलं. ती दारातच उभी राहिली, पण आली. पुढच्या वेळी आत बसवीन.

आता मुख्य ते सांगते. शनिवारी तांड्यावरून निघताना मी मावशीला म्हटलं, "मावशी, तू गेलीस की तुझ्यासाठी मी असंच गाईन." तर ती खवळली. "मेलेल्याला ढावलो नसतो. आता गायलीस त्यो तुझा राहिलेला हुता, त्यो झाला. आता चालत्या-बोलत्या पोरीसाठी गा."

म्हणून तुझ्यासाठी मी पुन्हा गाणार नाही. रागावू नकोस.

तांड्यावरच्या पूजाचं वैशाखात लग्न आहे. तिला गायचंय, पण भीती वाटते. मी दर रविवारी वाशीहून येऊन मावशीपुढं बसणार आहे, पूजाही बसेल. आणि तुला शब्द देते, याडी: तिच्या लग्नात, त्यानंतरच्या लग्नात, कुठल्याही हॉलच्या दारात एखाद्या पोरीचा गळा दाटला आणि ओळ निघेनाशी झाली, तर मी तिच्या आईच्या गळ्यात हात टाकून तिच्या वतीनं गाईन. पोरगी तिथं उभी असताना. तिला ऐकू जाईल असं.

तुझी,
सविता