शेपूट पुढं असलेलं विमान

बाबा, विमान पुरं झालं. तुम्ही मोडून 'नीट' केलं होतं तेच पुन्हा नव्यानं बांधलं, पण या वेळी माझ्या पद्धतीनं. आत्ता ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभं आहे आणि मी त्याच्या शेजारी बसून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. तुमचं एक वाक्य मात्र न थांबता आठवतं, आणि ते आठवलं की अजूनही अंगाचा तिळपापड होतो. माणूस गेला की त्याच्यावरचा राग निवतो, असं सगळे सांगतात. माझा उलट वाढला, कारण भांडायला समोर कोणी उरलंच नाही.

तुम्हाला आठवत नसेल तर सांगते. माझं दहावीचं वर्ष होतं. शाळेच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मला ते चित्र सापडलं. सायकलीचं दुकान चालवणाऱ्या दोन भावांनी बांधलेलं, अगदी सुरुवातीचं इंजिनवालं विमान. एकावर एक असे दोन लांब पंख, त्यांच्यामध्ये काड्यांचे खांब, आणि सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे विमान वर-खाली वळवणारी ती आडवी फळी, जी आपण शेपटीला पाहतो, ती पंखांच्या पुढे. हवा ढकलणारे दोन्ही पंखे मागे. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी ते चित्र बटरपेपरवर उतरवलं आणि पट्टीनं मोजून मोठं केलं. तुमच्याकडे लाकूड मागितलं नाही. तुम्ही बैलबंड्या करणारे सुतार. तुमच्याकडे बाभूळ आणि साग, आणि त्याचं विमान म्हणजे दगडाचं पाखरू. खामगावच्या बाजारात फळवाल्यांच्या मागे लागून मी रिकाम्या पेट्या आणल्या आणि त्यांच्या पातळ फळ्या चिरल्या. फासळ्या ओल्या करून गरम पातेल्याच्या पोटावर दाबून वाकवल्या, खांबांसाठी बांबू तासला, आईच्या जुन्या मलमलीच्या लुगड्याचं कापड पंखांवर ताणून चिकटवलं आणि वरून तांदळाच्या खळीचा हात दिला. ते वाळल्यावर टिचकी मारली की टणटण वाजायचं. आई खळ ढवळता ढवळता म्हणायची, "माय वो, पापडालेबी एवढं जपत नाई मी."

आणि तुम्ही एकदा जेवताना, भाकरीचा तुकडा मोडत, आईसमोर म्हणाला होतात, "प्रदर्शनात नंबर आला त तुले तंत्रनिकेतनात घालतो. जाय, जबान देल्ली." मला यंत्रांचंच शिकायचं होतं, दुसरं काही नको होतं, आणि ते तुम्हाला माहीत होतं. त्या एका शब्दावर मी महिनोन्महिने बोटं चिरून घेतली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आई आणि मी मावशीकडे शेगावला गेलो होतो. संध्याकाळच्या बसनं परतलो, तर तुम्ही दारापुढच्या ओट्यावर बसलेले, मांडीवर माझं विमान, चेहऱ्यावर कौतुक. "ये, पाह्य," तुम्ही म्हणालात. "मोठी चुकी करून बसली होती तू. म्या नीट करून ठेवलं."

पुढची फळी कापून तुम्ही मागे चिकटवली होती. दोन्ही पंखे काढून पुढे आणले होते आणि खाली चाकं लावली होती. "बैल कधी बंडीच्या मांगं जुपते का कोनी? ओढणारं पुढंच रायते. अन् चाकं काऊन नाई लावले तुनं? बिनाचाकाचं चालन कसं ते?" मी सांगितलं की त्या विमानाला चाकं नव्हतीच, ते जमिनीवर मांडलेल्या रुळावरून सुटायचं, आणि पंखे ओढत नव्हते, मागून ढकलत होते. मी चित्र दाखवलं. तुम्ही त्याच्याकडे पुरतं पाहिलंही नाहीत. हसलात. "उलटं छापलं असन." चिकटवायचा सरस तोवर वाळून दगड झाला होता; ओढलं असतं तर पंख फाटले असते. मी रडले, तर तुम्हाला वाटलं, चाकं पाहून आनंदानं रडते आहे. बाबा, खरं सांगू? ती चाकं फार देखणी होती. रुपयाएवढी बंडीची चाकं, आऱ्यांसकट, कडेवर पत्र्याची गोल धावसुद्धा चढवलेली. ओबडधोबड केलं असतंत तर मला आदळआपट तरी करता आली असती. तुम्ही इतक्या मायेनं माझं वाटोळं केलंत की मला ओरडायलाही जागा ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बुलडाण्याच्या त्या हॉलमध्ये तुम्ही धुतलेला पांढरा सदरा घालून माझ्या टेबलापाशी उभे आहात, येणाऱ्या-जाणाऱ्याला चाकं फिरवून दाखवता आहात. परीक्षक म्हणून बाहेरगावच्या कॉलेजातले एक सर येतात. वाकून बघतात, कापडावरून बोट फिरवतात, फासळ्या कशा वाकवल्या ते विचारतात. मी पातेल्याचं सांगते आणि ते खूश होऊन हसतात. मग म्हणतात, "काम फार सुरेख आहे गं तुझं. पण हे विमान उलटं झालंय. मूळ चित्र नीट पाहिलं नाहीस का?" आणि हातातलं स्वतःचं विज्ञानाचं पुस्तक उघडून टेबलावर ठेवतात. तेच चित्र. तुम्हीही ते पाहिलंत. मी तेव्हा तुमच्याकडेच बघत होते, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. तुमची नजर चित्रातल्या पुढच्या फळीवर गेली, मग मागच्या पंख्यांवर, आणि तुमचा हात चाकावरून आपोआप बाजूला झाला. दोन पुस्तकं काही उलटी छापत नाहीत, हे तुम्हाला त्या घटकेला कळलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली होती, चार लोकांत बापाला पाडायचं नाही म्हणून. मी वाट बघत होते. साहेब, पोरीनं बरोबर केलं होतं, मीच बदललं, एवढंच बोलायचं होतं तुम्हाला. आणि तुम्ही बोललात. "लेकरू हाय साहेब. समजलं नाई तिले."

सर मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेले. नंबर आला नाही. परतीच्या बसमध्ये तुम्ही मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिलीत. मी ती खिडकीतून भिरकावली, तर तुम्ही शेजारच्या माणसाला सांगितलंत, "पोरीले मळमळ होऊन राह्यली." तेव्हाही खोटंच. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तंत्रनिकेतनात दोन वर्षांनी धाकटा भाऊ गेला आणि मला डी.एड.ला घातलंत. ओट्यावर चहाला बसलेल्या प्रत्येकाला तुम्ही सांगायचात की पोरीचे हात चांगले आहेत, पण डोकं यंत्रात चालत नाही, विमानच उलटं केलं होतं तिनं. मी आतून कपबशा घेऊन यायची आणि ते ऐकायची. एकदाही तुमची जीभ अडखळली नाही. सांगून सांगून तुम्हाला ते खरंच वाटायला लागलं होतं का? आई म्हणायची, "बाप हाय तो, घे सांभाळून." मीच सगळ्यांना सांभाळून घ्यायचं होतं. तुम्हाला एक चूक सांभाळता आली नाही, ती लेकीच्या पदरात टाकलीत.

जळगाव जामोदकडच्या खेड्यांतल्या शाळांत माझी नोकरी झाली. मी चांगली शिक्षिका होते, हेही सांगून टाकते, म्हणजे डोकं चालत होतं. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात फळांच्या पेट्या शोधायला बाजारात गेले. हाताला पूर्वीची चपळाई नाही. पंखे कोरताना चाकू बोटात शिरला, तेव्हा रक्त पुसता पुसता मी तुम्हाला अशा शिव्या घातल्या की शेजारीण खिडकीत आली. माझी शेवटची शाळा हे विमान काचेच्या कपाटात ठेवणार आहे. ते कळलं तसा परवा धाकटा आला. विमानाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ताई, खाली पट्टीवर बाबाचं नाव टाकू. बाबाच्या स्मरणार्थ. सुतार मानूस होता, लोकाइले वाटन त्यानंच शिकवलं तुले."

मग मात्र माझा तोल गेला. इतकी वर्षं जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते त्याला सगळं सांगितलं, ती फळी, ते पंखे, ते वाक्य. "बाबा असं करन का?" एवढंच तो म्हणाला, आणि मग, "आता काऊन उकरून काढून राह्यली? मेलेल्या मानसावर काय राग?" मी म्हटलं, "मंग कोनावर काढू? तुह्यावर काढू?" तो चहा न घेता गेला. दारातून माझ्याकडे असं बघितलं त्यानं, की जणू मीच तुमचं काही चोरलं आहे. पट्टीवर माझं एकटीचं नाव आहे, बाबा. तुमचं नाही आणि कधी येणारही नाही.

उद्या शाळेची गाडी विमान न्यायला येईल. हा कागद कुठं जायचा नाहीच, तेव्हा एक लिहून टाकते, आणि ते लिहिताना मला तुमच्यापेक्षा स्वतःचीच चीड येते आहे. दुपारी शेवटचा दोरा बांधला, मागे सरकून पाहिलं, आणि मनात शाळा आली नाही, ते सर आले नाहीत. तुम्ही आलात. चष्मा कपाळावर सारून दारात उभे, "आन इकडं, पाहू दे." तुम्ही असे समोर आलात तर तोंडावर फेकण्यासाठी मी आयुष्यभर शब्द साठवून ठेवले आहेत. पण मी ते विमान तुमच्या हातात देईन, बाबा. दुसऱ्या हातात लाकूड कापायची पटाशी दिसली, तरी देईन.