चौसष्टच्या शेजारी एकशे अठ्ठावीस

३ एप्रिल २००३
संगणक पुन्हा अडकला. एक फाईल उघडायला चार मिनिटं.

प्रस्तावनेचं पहिलं वाक्य तिसऱ्यांदा लिहिलं – 'सासरी निघालेली बंजारा मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून रडत जे गाते, तो ढावलो.' पुसेगावजवळच्या तांड्यावरच्या धुरपताबाईंना असे एकतीस येतात. तिथं दुसऱ्या कुणाला सहाच्या वर येत नाहीत. वीस टंकून मार्चमध्ये छापून घेतले. उरलेले अकरा फक्त या यंत्रात.

प्रबंध सात मेला नांदेडला सरांच्या हाती द्यायचा आहे.

५ एप्रिल
बसस्टँडसमोरच्या ओमप्रकाशकडे संगणक नेला. त्यानं पेटी उघडली. "मॅडम, चौसष्टचीच रॅम हाय. इतक्यात काय व्हते?" खणातून एकशे अठ्ठावीसची वापरलेली पट्टी काढली, तिचे पिवळे दात खोडरबरानं घासले आणि जुन्या पट्टीशेजारी दाबून बसवली.

"कंपनी वेगळी आहे. वेगही वेगळा लिहिलाय. चालतं?"

"बराबर चालते. जुनीलाबी नवीच्या स्पीडवर आणून टाकलं. न्हाई तर नवी घेऊन फायदा काय?"

पडद्यावर दोन्हींची बेरीज नीट आली. मी आणखी काही विचारलं नाही.

६ एप्रिल
पळतो आहे. दिवसभरात अकराही ढावलो तपासून जतन केले.

९ एप्रिल
दोनदा निळा पडदा आला. बंद करून सुरू केला की चालतो. भीती वाटली म्हणून अकराही फायली फ्लॉपींवर उतरवल्या – दोन संच. एक घरी, एक कॉलेजात.

कॅसेटा तीनच होत्या. टंकून झालं की त्यांच्यावरच पुढचं गाणं, आणि गाणी संपल्यावर मुलाखती भरत गेले. तेव्हा यात काटकसर दिसली, दुसरं काही दिसलं नाही.

१२ एप्रिल
तेविसावा उघडला. वरच्या तीन ओळी ठीक. मधे चौकोन, प्रश्नचिन्हं, रोमन अक्षरं. खाली पुन्हा दोन ओळी ठीक. चोविसावा तसाच. सगळे तसेच, कमीअधिक.

फ्लॉप्या कॉलेजच्या संगणकावर लावून पाहिल्या. तेच चौकोन.

१३ एप्रिल
ओमप्रकाशनं नवी पट्टी काढली, वेग खाली आणला. "आता मशीन ठीक हाय."

"आणि फायली?"

तो पेटीतच बघत राहिला. "जुनी पट्टी शंभर स्पीडची. एकशे तेहतीसवर दमून राहिली होती. दमली की चुकीचं ध्यानात ठेवते. आन् मशीनला कळत न्हाई चुकलं म्हणून. तुमी सेव्ह म्हनलं, त्यानं जे होतं ते सेव्ह केलं."

"मी विचारलं होतं."

"व्हय. विचारलं होतं."

म्हणजे सहा तारखेपासून जितक्यांदा जपलं, तितक्यांदा नासवलं.

१६ एप्रिल
तांड्यावर गेले. धुरपताबाई तांदूळ निवडत होत्या. थोडं गेलं, म्हणाले. किती गेलं ते सांगितलं नाही.

"तुह्या डब्यानं गिळलं व्हय? मी बोलले होते, त्याला दात हाईत."

पुन्हा गाऊन दाखवाल का, विचारलं. एकदाच. हळू.

"न्हाई. आता घरात लग्न हाय. रुपा गाईन तवा तिच्यासंगं गाईन. त्याच्या आगूदर उगंच रडून देऊ काय?"

रुपा त्यांची नात. बारावीपर्यंत हिंगोलीत हॉस्टेलवर राहिली. चार मेला लग्न. ती मला दारापर्यंत सोडायला आली. "बाई, मला चारच येतात. लग्नात सगळ्या बाया तोंडाकडं बघतात. तुमी लिहून देणार होत्या ना?"

"देते."

२० एप्रिल
तेविसावा जोडला. बहिणीचा भावाच्या गळ्यातला. वरच्या तीन ओळी शाबूत होत्या. चौथी आठवली नाही. लिहिली.

त्यांच्या गोरबोलीत लिहिली. मराठीत अशी होईल – 'भाऊ, माझ्या वाट्याचं पाणी उद्यापासून भरू नको, उरलेलं दिसेल.'

२१ एप्रिल
वाचताना जोड कळत नाही. कळायला हवा होता.

२४ एप्रिल
अकरा पुरे झाले. माझ्या ओळी एकोणीस. सर विचारतील तर सांगेन. ते विचारणार नाहीत. विचारावं असं त्यांना काही दिसणारच नाही.

२६ एप्रिल
रुपा प्रत न्यायला आली. माझ्या ओळींखाली रेघ मारायची म्हणून पेन्सिल हातात घेऊन बसले होते.

ती उभ्याउभ्याच वाचू लागली. तेविसाव्यावर थांबली. "हा विकासदादासाठी घेते. आजी म्हणते, गाताना रडू न्हाई आलं तर चिमटा काढीन. याला चिमटा न्हाई लागणार."

पेन्सिल ठेवून दिली. प्रत दिली.

४ मे
रुपाचं लग्न. ऊन उतरल्यावर ती भावाच्या, विकासच्या गळ्यात पडली आणि सुरू केलं. पहिल्या तीन ओळी धुरपताबाई तिच्यासोबत म्हणत होत्या. चौथीला त्या थांबल्या. रुपा एकटीच म्हणाली. धुरपताबाईंनी मान वर केली.

मी मांडवाच्या मेढीला धरून उभी होते. बायांमधून त्या मला शोधतील, असं वाटलं.

मग त्यांनी ती ओळ उचलली. त्यांच्या मागे इतर बायांनी. विकास इतका वेळ दगडासारखा उभा होता, त्यानं तोंड झाकलं. ओळ तीनदा झाली. माझी.

जेवले नाही. पुसेगावपर्यंत चालत आले, तिथून जीप.

५ मे
कॉलेजला गेले नाही. वीस वर्षांनी कुणी अभ्यासक त्या तांड्यावर येईल. त्याला तिथं ती ओळ मिळेल, आणि माझ्या प्रबंधातही मिळेल. दोन्हीकडे मिळाली म्हणून तो ती खरी धरेल.

६ मे
अकराही ढावलो प्रबंधातून काढले. वीस उरले. का काढले, ते एका पानात लिहिलं – रॅम, वेग, कॅसेटा, माझ्या एकोणीस ओळी. सर काय म्हणतील ते म्हणोत.

उद्या आधी तांडा, मग नांदेड. हे पहिल्यांदा धुरपताबाईंनी ऐकायला हवं.

७ मे
सगळं सांगितलं. पाण्याची ती ओळ तुमची नाही, मी घरी बसून केली, असं म्हणाले. त्या हसल्या.

"ती ओळ तुही कशी असंल, बाई? माझी आई म्हनायची ती. माझ्याच लग्नात म्हनली होती. इतक्या सालांत मीच इसरून गेले होते, म्हणून तुला सांगितली न्हाई. तुला कुठं सापडली?"