रकाना क्रमांक सात

मंगळवार, ११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी मजेत आहे. वहिनीचा गुडघा आता बरा असेल असं धरून चालते. जिने चढू नको म्हटलं की ती मुद्दाम चढते, तेव्हा तू काही बोलूच नकोस, आपोआप बसेल. माझ्याकडे गच्चीवर यंदा टोमॅटो उदंड आलेत. इतके वाटले की शेजारचे आता मला बघून दार लावून घेतात.

तू अकरा दिवस फोन केला नाहीस. मीही केला नाही. दोघंही एकाच हट्टी बाईच्या हातचं खाऊन वाढलोय, त्यामुळे आधी कोण करणार हा प्रश्नच नव्हता. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही.

सहा वर्षं झाली मला तुझ्या शिड्यांच्या कारखान्यात स्वतंत्र संचालक होऊन. म्हणजे मालकाच्या गोतावळ्यातली नसलेली, कुणाची मिंधी नसलेली, तोंडावर बोलणारी बाई. तूच आणलंस मला. "चाळीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत गढूळाला गढूळ म्हणालीस, इथेही म्हण," असं म्हणाला होतास. खरं सांगते दादा, मला ती खुर्ची फार आवडते. निवृत्त झाल्यावर आपल्यासाठी कोणी उठून उभं राहत नाही. तिथे राहतात. चहाही कपबशीतून येतो. घरी मी कान तुटलेल्या मगातून पिते.

दरवर्षी कंपनीच्या सेक्रेटरीबाई संचालकांनी भरायचा तो फॉर्म आणतात. रकाना सात: अध्यक्षांशी, म्हणजे तुझ्याशी, नातं आहे का? दरवर्षी मी 'नाही' लिहायची. ते खोटं नव्हतं. कायद्याच्या यादीत सख्खं, सावत्र, दत्तक, सगळं आहे. शेजारची चार वर्षांची पोरकी पोर आईने उचलून घरी आणली आणि कागद करायचा राहूनच गेला, असं नातं मात्र त्या यादीत नाही. पहिल्या वर्षी माझं पेन अडलं, तेव्हा तू रकान्यावर बोट ठेवून म्हणालास, "इथे 'नाही' लिही, कायद्याने बरोबर आहे." मी लिहिलं.

यंदा 'होय' लिहिलं. सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

तुला वाटतंय, मी तुझ्या मुलाच्या आड आले. शुक्रवारी त्याला कार्यकारी संचालक करायचा ठराव आहे. त्यात घरच्यांना मत नाही. आम्ही दोघं बाहेरचे हो म्हणालो तरच तो होतो. 'होय' लिहून मी बाहेरची उरले नाही तर ठराव बारगळतो, हे मला ठाऊक होतं. पण फोनवर तू म्हणालास, "कायद्याने तू माझी कोणी नाहीस, नसती उठाठेव कशाला करतेस?" ते लागलं. दुपारभर लागलं. संध्याकाळी झाडांना पाणी घालताना हसू आलं, कारण तू बोललास ते अगदी कायदेशीर होतं.

आता टोमॅटोंच्या आड लपवत होते ते सांगते. मुलगा चांगला आहे असं मला वाटतं. कामगारांची नावं त्याला पाठ आहेत, नवी शिडी बाहेर पडण्याआधी तो स्वतः चढून बघतो. पण मागच्या महिन्यात त्याची फाइल घेऊन बसले. दोन वर्षांत दोन मोठी गिऱ्हाइकं त्याने हट्टापायी घालवलीत. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, शिकेल हळूहळू. परक्याच्या पोराला असं म्हटलं असतं मी? सायकल शिकवताना त्याला मागून धरलं होतं ना, ते मी अजून सोडलेलंच नाही. त्याचा चांगुलपणा कुठे संपतो आणि माझी माया कुठे सुरू होते, ते मला वेगळं करता येईना. यावेळी गढूळ पाणी मीच होते.

मग सहा वर्षांची इतिवृत्तं काढली. तुझ्या विरोधात माझं एकही मत नाही. सगळीकडे 'एकमताने'. एवढं एकमत आपल्या घरी भाजी कुठली करायची यावरसुद्धा कधी झालं नव्हतं. मला लाज वाटली दादा.

काल सेक्रेटरीबाई घरी आल्या होत्या. "मॅडम, कायद्याने 'नाही'च बरोबर आहे. शुक्रवारपर्यंत नवा फॉर्म द्या, आधीचा चुकून भरला असं समजू," असं म्हणून कोरा फॉर्म ठेवून गेल्या. जाताना टोमॅटो नेले, म्हणून अधिकच भल्या वाटल्या.

तो फॉर्म सोबत जोडलाय. सातवा रकाना तू भर, तुझ्या अक्षरात. 'होय' लिहिलंस तर माझी खुर्ची गेली. चिरंजीवांना थोडं थांबावं लागेल. तेवढ्यात कोणी खरा बाहेरचा मिळेल आणि त्याला नीट जोखेल. मला वाईट वाटेल, कपबशीचं जास्त.

'नाही' लिहिलंस तर मी मुकाट्याने सही करीन आणि शुक्रवारी वेळेवर येईन. पण मग मी खरोखरच तुझी कोणी नसेन. आणि परक्या बाईचं मत कुठे पडेल, हे अध्यक्षांनी आधी विचारायचं नसतं.

माझी दोन्हींची तयारी आहे. घाबरवत नाहीये तुला. मी खरंच आनंदात आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या रकान्यात मनातलं लिहिलं, आणि त्या दिवशी जेवण चार घास जास्त गेलं.

वहिनीला नमस्कार. चिरंजीवांना आशीर्वाद, रागावला असेल तर दुप्पट.

तुझं उत्तर येईपर्यंत तरी,
तुझी धाकटी बहीण