पलीकडच्या खोलीतून

नेरूळ,
नोव्हेंबर १९९८

प्रिय ऋता,

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, बाबांचा घसा अजून बसलेलाच का, आणि मी विषय बदलला. तुझ्या ते लक्षात आलं असणार. फोन हॉलमध्ये, त्यांच्या समोरच. म्हणून लिहिते.

घरात दोन कॉम्प्युटर आलेत. तळोज्याच्या कंपनीने मोडीत काढलेले बाबा घेऊन आले. एक हॉलमध्ये, एक तुझ्या खोलीत, मधे दाराखालून काळी केबल. रजेवरचा माणूस कशात तरी रमतोय, बरंच आहे, असं मला वाटलं. मग त्यांनी मलाही बसवलं. 'पिंग' लिहून पुढे पलीकडच्या मशीनचा नंबर टाकायचा. तिकडे ते चालू असेल तर उत्तराच्या ओळी येत राहतात. मला पहिल्याच फटक्यात धडाधड उत्तरं आली. "आलं, आलं!" म्हणून मी ओरडले, तर आतून बसका आवाज, "बाईसाहेब, माझं मशीन अजून बंद आहे." मी माझ्याच मशीनचा नंबर टाकला होता. कॉलेजात फिजिक्स शिकवते म्हणून दिवसभर टोमणे खाल्ले. पुढे केबलच्या टोकाचं टोपण मी धूळ बसू नये म्हणून असेल समजून काढून ठेवलं, आणि सगळंच बंद पडलं; त्या टोपणाशिवाय केबल चालतच नाही म्हणे. तेव्हा मात्र ते बोलले नाहीत. घसा दुखत होता.

आता आम्ही 'टॉक' वापरतो. पडदा आडवा दुभागतो. वर आपण लिहायचं, खाली दुसरा लिहितो, इंग्रजी अक्षरांत मराठी. दुसऱ्याचं अक्षर न अक्षर उमटताना दिसतं, खोडतानाही दिसतं. परवा खाली उमटलं, 'भीती वाटते'. मग एकेक अक्षर मागे गेलं आणि तिथे आलं, 'चहा होणार का?' मी 'हो' लिहिलं आणि ओट्याशी गेले. वाचलं म्हणून सांगायला हवं होतं का? खोडलेलं न वाचल्यासारखं वागणं हा त्यांचा मान, की माझी पळवाट? मला अजून ठरवता येत नाही. चहा घेऊन आत गेले आणि बराच वेळ त्यांच्याशेजारी बसून राहिले.

ऋता, पुढच्या आठवड्यात परळला त्यांचं ऑपरेशन आहे. घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल, आवाज नाही, असं डॉक्टर म्हणतात. ही सगळी तयारी त्यानंतरची. तुझी परीक्षा संपेपर्यंत कळवायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. तो शब्द मी मोडतेय. पत्र कुरियरला दिलं की त्यांना तसं सांगेन. सोमवारचा पेपर बुडाला तर बुडू दे, तो पुन्हा देता येतो. काल त्यांचा आवाज भरून ठेवावा म्हणून मी टेपरेकॉर्डर काढला, तर म्हणाले, "ठेव तो आत, मी काय भाषण देणारे?" तेव्हा टेप नाही. तूच ये.

तुझीच,
आई